पंख्याखालची खुर्ची

बाळकुमला बहिणीच्या घरी मी कोलंबी सोलत बसलेले. आत तिचा मुलगा फ्लेव्हियन लॅपटॉपवर नोकरीची मुलाखत देत होता. आठ महिने पोरगा घरी बसलेला. ही नोकरी नाही मिळाली तर मामाच्या केटरिंगमध्ये लाग, असं त्याच्या बापाने बजावलेलं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्याला स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्राम दाखवायला सांगितलं. जुन्या कंपनीचं काम दाखवायला बंदी, म्हणून या शहाण्याने बहिणीच्या, पामेलाच्या, लग्नातला काढला. कोणाला कुठल्या टेबलावर बसवायचं ते त्या प्रोग्रामने ठरवलेलं. आमच्याकडे हे काम सोपं नाही, बरं का. लग्नाआधीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणायला कळशी कोणी धरायची, यावरून मी आणि माझ्या भावाची, ग्रेगरीची, बायको सहा वर्षं बोलत नाही.

प्रोग्राममध्ये मधेमधे माणसांसाठी टिपा लिहितात म्हणे, कॉम्प्युटर त्या वाचतच नाही. फ्लेव्हियनने त्या मराठीत लिहिलेल्या. कंपनी बंगळुरूची, तिथे कोण वाचतंय! पण बाई निघाल्या डोंबिवलीच्या, सोनल नावाच्या. त्यांनी मोठ्याने वाचलं, "जुलिया मावशी. कोणाच्याच शेजारी बसवू नये. एकटी खुर्ची, पंख्याखाली. विचारलं तर मान म्हणून सांगावं."

माझे हात थांबले. लग्नात मला खास खुर्ची होती म्हणून मी अख्ख्या बाळकुमला सांगत फिरलेले! इतकं वाईट वाटलं, इतका राग आला, की तशीच उठून आत गेले. फ्लेव्हियन पांढराफटक पडला. बाईंनी विचारलं, या कोण?

पोराचं तोंड बघून माझा अर्धा राग तिथेच उतरला.

"मीच जुलिया मावशी," मी म्हटलं. "लिहिलंय ते खरं आहे. तीनशे माणसं जेवली, एक भांडण झालं नाही. मी असूनसुद्धा."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मग फ्लेव्हियनला विचारलं, मावशींचा सगळ्यांशी समेट झाला तर यात काय बदलशील? त्याने एक ओळ बदलली आणि प्रोग्राम चालवून दाखवला. मी परत कोलंबीकडे गेले.

नोकरी लागली. त्या रविवारी सगळे जेवायला जमले, ग्रेगरीची बायकोसुद्धा. फ्लेव्हियनने माझी खुर्ची स्वतःच्या शेजारी ओढली, बरोब्बर तिच्यासमोर. पंखा लांब, घामाने मी नुसती भिजलेले. दोन घास खाल्ले. मग वाडगा तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "अगं, कोलंबी घे की."