पारखून दिलेली पैठणी

आमच्या सासूबाईंच्या मते मी चिंध्या गोळा करणारी बाई होते. अगदीच खोटं नव्हतं ते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथला, मोरिवलीजवळ कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो आणि मी जुन्या साड्यांचा धंदा करायचे. बदलापूर गावातल्या घरांतून शालू, पैठण्या, जरीच्या टोप्या, कशिद्याचे रुमाल विकत आणायचे. धड असेल ते मुंबईच्या हौशी बायका न्यायच्या. विरलेलं असेल ते उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या शेठकडे जायचं. तो जर जाळायचा, राख धुवायचा आणि चांदी काढून घ्यायचा. "भाभी, ये पहनने का नहीं, जलाने का माल है," हे तो इतक्या प्रेमानं सांगायचा की त्याला चहा पाजावासा वाटे.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. कोणी विचारलं की आई सांगायच्या, "सून होय? बोहारणीचा कोर्स करतेय." मीही काही कमी नव्हते. "हो ना, तुमच्या लेकाच्या बदल्यात एखादं पातेलं मिळतंय का बघते," म्हणायचे. आमचे हे पेपर तोंडावर धरून बसायचे.

आईंकडे एक हिरवी पैठणी होती, पदरावर मोरांची. तिच्या जिवावर त्यांनी अख्ख्या नातेवाइकांवर राज्य केलं. मुंज असो, बारसं असो, नेसायच्या आणि पदर पुढे करून सांगायच्या, "खरी जर आहे हो." मला तिच्याजवळ जायची परवानगी फक्त इस्त्रीपुरती. आता ती पैठणी नातीला, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलीला, लग्नात द्यायची असं त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं होतं. मुलीचं सासर कल्याणच्या सराफांचं. आई टाळ्या घेऊन मोकळ्या झाल्या. मग मात्र चार दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मला वाटलं, पित्त.

पाचव्या दिवशी दुपारी समोरच्या ब्लॉकमधल्या काकू पेपरात गुंडाळलेली साडी घेऊन आल्या. "माझ्या बहिणीची आहे. जर खरी की खोटी, तेवढं सांग." आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. एरवी काकू आल्या की त्या आधी बाहेर येऊन बसत. त्या दिवशी आल्या नाहीत.

मी पेपर उघडला तर आतून वेखंडाचा वास आला, आमच्याच ट्रंकेचा. निऱ्यांच्या बाजूला सेफ्टीपिनचा गंजाचा डाग होता. त्या डागावरून मी दर दिवाळीला इस्त्री जपून फिरवलेली. काकूंना बहीण नव्हती, हेही मला तेव्हाच आठवलं.

पारख करायची आमची रीत साधी. पदराच्या आतल्या बाजूनं जरीचा एक धागा ओढायचा, काडी ओढून तो जाळायचा आणि उरलेली तार नखानं खरवडायची. चांदी असली तर पांढरी राहते. तांबं असलं तर काळी पडते आणि खरवडली की लाल दिसते. मी धागा बशीत धरून जाळला. काळा पडला. खरवडला. लाल.

आत मेथीच्या काड्या मोडायचा आवाज थांबला होता.

खरं सांगते, आधी मला गुदगुल्याच झाल्या. इतकी वर्षं बोहारीण, चिंधीवाली ऐकून घेतलं होतं. आता एक शब्द बोलले असते तर सगळा हिशेब चुकता झाला असता. काकूंच्या तोंडून संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांना कळलं असतं. पण आत कोणीतरी श्वास रोखून बसलंय हे मला भिंतीतून कळत होतं, आणि त्या बाईची मला एकदम कीव आली. मग स्वतःचाच राग आला.

"अस्सल आहे," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं.

काकू गेल्या. मी गच्चीवरचे कपडे आणायला गेले. परत आले तर आई बशी पुढ्यात घेऊन बसलेल्या.

"बशी उचलायची राहिली तुझी," त्या म्हणाल्या.

त्यांनी ती लालसर तार बोटावर घेतली. "खरी मी केव्हाच दिली जरवाल्याला. कंपनीला टाळं लागलं होतं आणि तुझ्या नवऱ्याची कॉलेजची फी भरायची होती. मग तश्शीच दिसणारी ही कॅम्पातून आणली. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. म्हटलं, तुझ्या नजरेतून सुटली तर सराफांच्या नजरेतूनही सुटेल."

"जाळताना तुम्ही तिथे होतात?"

"मग? त्यानं समोर बसवूनच जाळली, वजनात खोट नको म्हणून. एवढी मोठी नऊवारी, आणि चांदी मुठीत मावली."

मी शेठकडे पोतंच्या पोतं नेऊन टाकायचे आणि त्याच्याशी थट्टामस्करी करत चहा प्यायचे. त्या दिवशी मला चहा गेला नाही. पुढे कोणाची साडी जाळायला घेतली तर मी त्या बाईला बरोबर येऊ द्यायचे नाही, कितीही हटून बसली तरी.

लग्नात पैठणी ताटात ठेवून आईंनी विहीणबाईंच्या पुढे केली आणि काय म्हणावं? "आमच्या सूनबाईनं पारखून दिलीय. तिचा व्यवसायच आहे तो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा व्यवसाय म्हणाल्या, आणि तोही खोट्या जरीवर. विहीणबाईंनी पदर उलटला, काठावरून अंगठ्याचं नख फिरवलं, नखाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"खरी ना?" त्यांनी विचारलं.

"अस्सल," मी म्हटलं.

त्यांनी पदर होता तसा नीट घडीत घातला. "सुरेख आहे हो," त्या आईंना म्हणाल्या. खरी आहे असं काही त्या म्हणाल्या नाहीत. आईंनी माझा हात धरला तो पंगत बसेपर्यंत सोडला नाही, आणि पंगतीत मला स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं.