मॉर्फीन कोणी लिहून द्यायचं

मंदीत नवऱ्याची कंपनी गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी त्याच्या हाडांत कॅन्सर निघाला. माझी शाळेतली नोकरी होती म्हणून दुबईत टिकलो. मुलीला कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून तो उशीचा कोपरा दातांत धरायचा.

दुखण्यासाठी आम्ही ऊद मेथा भागातल्या क्लिनिकमध्ये जायचो. तिथले डॉक्टर आपलेच, पुण्याचे. मी विचारलं, "परदेशात म्हणे अशा पेशंटना गांजाचं औषध लिहून देतात?"

ते हसले. "वहिनी, इथे खसखस आणली तरी जेल आहे. असलं बोलूसुद्धा नका."

"मग मॉर्फीन?"

"कंट्रोल्ड ड्रग. माझं लायसन्स खलास!"

आणि पुन्हा तेच साधं इंजेक्शन, 'पुढच्या आठवड्यात या'. अख्खा हिवाळा असाच गेला.

एके दुपारी तो बाथरूममध्ये कोसळला, तेव्हा टॅक्सीत घालून सरकारी हॉस्पिटल गाठलं. तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच मॉर्फीन सुरू केलं. संध्याकाळी त्याने मुलीला जवळ बसवून शाळेतल्या गमती विचारल्या. बाई मला म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरांनी यांना आधीच का नाही पाठवलं?" पंधरवड्यात तो गेला.

पुढे आपल्या मराठी मंडळाने क्लिनिकच्या त्याच डॉक्टरांचं भाषण ठेवलं: भारतातून कोणती औषधं आणू नयेत. मी पुढेच बसले. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर माइक मागितला.

"कॅन्सरच्या पेशंटला इथे मॉर्फीन मिळतं का?"

त्यांनी मला ओळखलं नाही. "अर्थात! आम्ही लिहू शकत नाही, स्पेशालिस्ट लिहितात. आमचं काम पेशंटला तिकडे पाठवायचं."

"हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"ऑफकोर्स."

"मग माझ्या नवऱ्याला का नाही पाठवलंत?"

ते घोटभर पाणी प्यायले. "वहिनी, आपण नंतर बोलू."

"नाही. इथेच." आणि मी सगळं सांगितलं, उशीच्या कोपऱ्यासकट.

तेवढ्यावर मी थांबले नाही. शाळेच्या गेटवर, देरा भागातल्या भाजीबाजारात, भेटेल त्याला सांगत राहिले. आपल्या लोकांनी ते क्लिनिक सोडलं. डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला, रडत होती. "ताई, आता पुरे करा. आम्हालाही मुलं आहेत."

"मलाही आहे," म्हणून मी फोन ठेवला.

सूड घेऊन काय मिळतं, असं लोक विचारतात. मला मिळालं. क्लिनिकला कुलूप लागल्याचं कळलं त्या दिवशी मी मुलीला हॉटेलात नेलं.

"आई, व्हॉट आर वी सेलिब्रेटिंग?"

"डॉक्टर पुण्याला परत चाललेत," मी म्हटलं आणि दोन बिर्याण्या मागवल्या.