दहाबोट्या

आमच्या गल्लीत सुताराची लायकी त्याच्या हाताकडे बघून ठरायची, आणि तीही उलटी. जितकी बोटं कमी, तितका माणूस मोठा. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं दुकान आहे, त्यांना सगळे थोटे मास्तर म्हणतात. डाव्या हाताची तीन बोटं त्यांनी वेगवेगळ्या वेळी करवतीला दिली आणि दर बोटागणिक त्यांचा मान वाढला. कोणी नवीन आला की ते तो हात त्याच्यापुढे धरून म्हणायचे, "हे आमचं सर्टिफिकेट." आणि माझा सख्खा थोरला भाऊ, ज्याने कापलेली फळी माझ्याकडे पॉलिशला आली की कडेला घासायला काही उरत नाही, त्याला म्हणायचे दहाबोट्या. दहाच्या दहा शाबूत, म्हणून. मिस्त्री त्याला कोणी म्हणत नसे.

मी पॉलिशवाली. नवऱ्याचं आणि दादाचं दुकान शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक पत्रा. दोघांचंही लाकूड माझ्याच हाताखालून जातं, त्यामुळे कोणाचं काम काय प्रतीचं आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही. नवऱ्याचं वाईट नाही. पण कड जळकी असते, कारण पातं बोथट झालं तरी आमचे हे ते बदलत नाहीत, जोर लावून रेटतात. "बोथट पातं जोर मागतं आणि जोर लावला की हात घसरतो," हे दादाने यांना किती वेळा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

विजेवर चालणाऱ्या गोल करवतीला खालच्या बाजूला एक अर्धगोल झाकण असतं. त्याला गार्ड म्हणतात. करवत लाकडात शिरली की ते मागे सरकतं आणि बाहेर आली की स्प्रिंगच्या जोरावर पुन्हा पात्यावर येतं. बटण सोडलं तरी पातं लगेच थांबत नाही, तोंडाळ माणसासारखं काही वेळ फिरतच राहतं. तेवढ्या वेळासाठी ते झाकण. पण कापायला सुरुवात करताना ते अडखळतं, पेन्सिलीची रेघ नीट दिसू देत नाही, म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाने ते तारेने वर बांधून टाकलेलं. नवी करवत आली की आधी तार शोधायची, मग लाकूड.

दादाचं वेगळं होतं. तो आधी प्लग काढायचा आणि काढलेला प्लग समोर, स्वतःला दिसेल असा ठेवायचा. मग ब्रश आणि रॉकेल घेऊन पात्याला, गार्डच्या खिळीला चिकटलेला लाकडाचा चीक काढायचा. एकेक दात बोटाने नाही, डोळ्याने तपासायचा. पातं फळीच्या जाडीपेक्षा जेमतेम दाताएवढं खाली येईल असं बसवायचा. सगळ्यात शेवटी गार्ड वर उचलून सोडून द्यायचा. टक असा आवाज आला तरच प्लग लावायचा. समोरचे हसायचे, "दहाबोट्याची करवत न्हातेय, थांबा जरा." तो हसण्यावारी न्यायचा. पण एका उत्तरापुढे मात्र त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. तो कोणाला तार काढ म्हणाला की समोरचा विचारायचा, "तुला कधी लागलंय? मग तुला काय कळतंय त्यातलं?"

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. आमच्या गल्लीत पुढच्याला ठेच लागली की मागचे त्याच्या अंगठ्याचं कौतुक करत बसायचे. मला याचा संताप यायचा, आणि मी तो काही मनात ठेवला नाही. पण पॉलिशवालीचं कोण ऐकतंय.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दादा आमच्या दुकानात आला होता. यांची करवत बघून त्याला राहवलं नाही. त्याने स्वतः तार काढली, चीक साफ केला, खिळीला तेलाचा थेंब दिला, टक वाजवून दाखवलं आणि तार खिशात घालून घेऊन गेला. हे तेव्हा काही बोलले नाहीत. सकाळी बोलले, तेही मनातल्या मनात. तार गेली तर गेली, म्हणून यांनी गार्डची स्प्रिंगच काढून ठेवली. आता झाकण एकदा वर गेलं की वरच राहायचं, हाताने खाली ओढेपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळं जागच्या जागी दिसायचं.

दुपारी एका कपाटाचं दार खाली घासत होतं. हे जेवायला बसले होते आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. दादा शेजारून आला आणि आमचीच करवत उचलत म्हणाला, "तुम्ही जेवा भाऊजी, मी घेतो कापून." यांच्या तोंडात घास होता. तो गिळून दोन शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो? हे नुसते मान हलवून मोकळे झाले.

दादाने दार जमिनीवर दोन फळ्यांवर ठेवलं, प्लग काढून पातं बघितलं. गार्ड उचलून सोडायचं तेवढं राहिलं. आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने केलं होतं ना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते पाहिलं नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा या दुकानातल्या करवतीवर त्याचा विश्वास बसला होता.

काप सरळ झाला. त्याने बटण सोडलं आणि करवत शेजारी जमिनीवर ठेवली, जशी तो स्वतःची ठेवतो. झाकण उघडंच होतं. फिरतं पातं फरशीला टेकलं आणि करवत उलटी त्याच्याच अंगावर धावून आली. डावा हात जमिनीवर टेकून तो उठत होता. मी समोर बसून कागदाने घासत होते. आवाज काही मोठा झाला नाही. दादा ओरडला नाही. त्याने हाताकडे पाहिलं, मग करवतीकडे, आणि मला म्हणाला, "अगं, झाकण नाही आलं."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी माझं पॉलिशचं फडकं त्याच्या हाताला गुंडाळायला निघाले होते, यांनी ते हिसकावून घेतलं आणि स्वतःचा धुतलेला शर्ट दिला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अंगठ्याजवळचं बोट वाचणार नाही. हे भिंतीला टेकून उभे होते. तिथेच यांनी मला स्प्रिंगचं सांगितलं. ज्या माणसाशी संसार केला, त्याच्याकडे बघायची मला भीती वाटली. दादाने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "मी वाजवून बघायला हवं होतं."

बोट गेल्याचा माझा सगळा राग तोपर्यंत यांच्यापुरता होता. पण खरा हादरा पुढे होता.

हाताला बँडेज बांधून दादा पुन्हा दुकानात येऊन बसला, त्या दिवशी सगळी गल्ली त्याला भेटायला आली. मला वाटलं, आता कोणी डोळे पुसेल, कोणी यांना दोन शब्द सुनावेल. थोटे मास्तर पुढे झाले, त्यांनी आपला थोटा हात दादाच्या खांद्यावर ठेवला आणि खुशीत म्हणाले, "या मिस्त्री. आता कुठं आमच्यात बसायला जागा झाली तुम्हाला." सगळे हसले. कुत्सित नाही, मनापासून. मुलगा पास झाल्यावर घरचे हसतात तसे. कोणीतरी चहा मागवला. या माणसांना खरोखर आनंद झाला होता.

दादा त्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघत होता. मग तो हळूच म्हणाला, "मास्तर, सगळ्यांनी आपापल्या गार्डची तार काढा बुवा."

नेहमीचंच वाक्य. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मी नेहमीच्या उत्तराची वाट बघत होते, पण ते कोणी दिलंच नाही. थोटे मास्तर म्हणाले, "बरोबर आहे. मिस्त्री म्हणताहेत ते अनुभवाचं आहे." चहा संपायच्या आत समोरच्याने आपली करवत आणून सगळ्यांसमोर पकडीने तार तोडली. मग त्याच्या शेजारच्याने. थोड्याच वेळात आमच्या दारात तारांचा गुंता पडला होता आणि दुकानादुकानांतून टक, टक ऐकू येत होतं. सगळ्यांत शेवटी हे आले. स्प्रिंग बसवलेली करवत यांनी दादापुढे ठेवली, प्लग काढून, आणि मान खाली घालून म्हणाले, "दादा, बघा, नीट बसलीय का." दादाने उजव्या हाताने बघितलं आणि ठीक आहे म्हणाला.

सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ बसले. मला वाटलं, निदान एवढं तरी त्याच्या पदरात पडलं, ते बोलून दाखवावं.

"ऐकलं ना शेवटी सगळ्यांनी," मी म्हणाले.

"ऐकलं. मी आज नवीन काय सांगितलं गं त्यांना?"

"काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचंच ना?" तो बँडेजकडे बघत म्हणाला. "मी आपला समजत होतो, मलाच नीट सांगता येत नाही. रात्र रात्र विचार करायचो, आणखी कसं समजावून सांगू यांना. माझ्या सांगण्यात काहीच कमी नव्हतं. बोटच एक जास्त होतं."

आणि मग तो जो रडला, तसा दवाखान्यातही रडला नव्हता.