शंका लागली की धरायची नाही

खात्री केल्याशिवाय मी रडत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो बदलायचा नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी मी झाकण काढून डाळ बोटानं दाबून बघते. त्यामुळे बागुल सरांचा फुलांच्या चौकटीतला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेला, आमच्या शाळेच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, तेव्हा मी हात जोडले नाहीत. याच ग्रुपवर एकदा एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहून झाली होती. नावात नाव मिसळलं, दुसरं काय. शिवाय फोटो जुना, सरांना मिशा असतानाचा. ज्यानं टाकला त्याला सरांचा आजचा चेहरा तरी माहीत आहे का, असं मनात आलं. मी सरळ सरांच्याच नंबरावर फोन लावला. ते उचलतील आणि "काय ताई, कसली शंका?" म्हणतील, याबद्दल मला खात्री होती. फोन वहिनींनी उचलला. त्या घरात अहिराणी बोलतात, माझ्याशी मात्र नेहमी शाळेतली मराठी. त्या दिवशी ते भान त्यांना नव्हतं. "खरं शे, ताई," एवढंच म्हणाल्या, "गयात ते." मग मी रडले. आणि तेव्हा पोटात जी बारीक कळ उठली, ती पुढे कित्येक दिवस गेली नाही.

सुरतेत मराठी माध्यमाची शाळा आहे म्हटलं की आमच्या परभणीकडच्या लोकांना अजून आश्चर्य वाटतं. आमची शाळा लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्ल्यांच्या मागे. खिडक्या उघड्या ठेवल्या तर खटखट आत येते, बंद ठेवल्या तर उकडतं. पोरं बहुतेक खानदेशातली, काही माझ्यासारखी मराठवाड्याची. घरी एक बोलतात, मैदानात गुजराती, भांडताना हिंदी, आणि वर्गात आमच्यासमोर बिचकत पुस्तकातली मराठी. बागुल सर धुळ्याकडचे. त्यांचा तिसरीचा वर्ग आणि माझा चौथीचा यांच्यात एक भिंत. आडनावावरून पहिल्या दिवशीच चेष्टा झाली. ज्या पोरांना आयांनी बागुलबुवाची भीती घालून झोपवलं, त्यांच्यासमोर साक्षात बागुल येऊन उभा राहिला... दोन पोरी तर दारातच थांबल्या. सर म्हणाले, "बुवा गावी राहिला, मी एकटाच आलोय." पोरी आत गेल्या. मी मात्र भिंतीपलीकडून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस पोरांशी इतकं गोड का बोलतोय?

त्याच दिवशी ती गंमत झाली. त्या वर्गाला आधीच्या गुरुजींनी 'लघुशंका' हा शुद्ध शब्द शिकवून ठेवला होता. पोरांनी तो अर्धा करून टाकला होता. "गुरुजी, शंका लागली," म्हटलं की बाहेर जायला मिळे. बागुल सरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी धडा संपवून विचारलं, "कुणाला काही शंका आहे का?" अर्धा वर्ग उठला आणि ओळीनं मुतारीकडे चालू लागला. मी दारातून बघितलं, सर खुर्चीचा हात धरून हसत होते. पोरं परत आल्यावर त्यांनी दुसरी शंका कोणती ते समजावून सांगितलं असेल, असं मला वाटलं. त्यांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, "हीसुद्धा तशीच असते. लागली की धरून ठेवायची नाही. पोटात दुखतं. कुणापुढे लागली, कधी लागली, याची लाज धरायची नाही. सांगायचं आणि मोकळं व्हायचं." पोरांना हे लगेच कळलं. मी पंधरा वेळा समजावलं असतं तरी कळलं नसतं, आणि त्याचा मला रागच आला.

मग चिंध्या आल्या. आमच्या वस्तीत बहुतेक घरी साड्यांचे धागे कापायचं काम चालतं. घराघरात साड्यांचे ढीग आणि काठांच्या कातरणांच्या पिशव्या. सरांनी पोरांना घरून कातरणं आणायला लावली आणि वर्गातल्या खिडकीच्या गजांवर एक रीत सुरू केली. ज्याला शंका लागली त्यानं ती वर्गाला सांगायची आणि गजाला एक चिंधी बांधायची. उत्तर सरांनी द्यायचं असं नाही. ज्याला सापडेल त्यानं आणायचं, कुठूनही. आणि समाधान झालं की ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं नाही. लूम बंद झाल्यावरही कानात आवाज कुठून येतो? पाल छतावरून पडत का नाही? इथली तापी आणि मामाच्या गावची तापी एकच का? ही शेवटची चिंधी फार दिवस लटकत होती. पोरांना पुस्तकातला नकाशा पटेना. शेवटी एकाचा काका गावाहून आला, त्याला पोरं वर्गात घेऊन आली, आणि त्यानं हातानं हवेत नदी काढून दाखवली, अशी आपल्याकडून निघती, अशी इथं येती. तेव्हा गाठ सुटली.

मला हे सगळं बघून काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं, या माणसाला पुरस्कार पाहिजे. तपासणीला कुणी साहेब आले की खिडकी दाखवायची, फोटो काढून घ्यायचे, असा बेत असणार. मी लक्ष ठेवून होते. साहेब आले त्या दिवशी सरांनी पडदा ओढून घेतला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ताई, लेकरांच्या पोटातलं आहे ते. पाहुण्यांपुढे कशाला?" याचाही मला संशय आला. पुरस्कार नको असलेला शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता.

वर्षाच्या मध्यावर भारती नावाची मुलगी यायची थांबली. गैरहजर मुलाचं आम्ही काय करतो? हजेरीत खूण करतो आणि पुढचं नाव घेतो. सरांच्या वर्गात मात्र ती शंका होई. भारतीच्या शेजारी बसणाऱ्या चैतालीनं उभं राहून सांगितलं, "भारती का येत नाही?" आणि वर्गातल्या कातरणांच्या पिशवीतून एक चिंधी काढून बांधली. मोरपंखी रंगाची, जरीचा काठ असलेली. ती कातरणं भारतीनंच घरून आणलेली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटलं नसतं. पण दोन दिवसांनी वस्तीत कुठल्याशा पोरानं सांगितलं, तुमच्या भारतीच्या नावानं शाळेत चिंधी बांधली आहे. भारतीची आई शाळेच्या मागच्या बाजूनं आली, बाहेरून खिडकीत पाहिलं, आणि आपल्याच घरातला काठ आपल्या पोरीच्या नावानं गाठ मारून टांगलेला तिला दिसला. आमच्या लोकांत याचा अर्थ एकच होतो. घरातलं कापड, पोरीचं नाव, गाठ... करणी.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी बायका जमल्या. भारतीची आई पुढे. "कोनी करी ठेवेल शे हाई? मन्ही पोरले आठे बसाडनं नही माले," ती म्हणत होती, पोरीला इथं बसवायचंच नाही म्हणून, आणि मागच्या बायका माना हलवत होत्या. आधीच मराठी वर्गांत मुलं कमी. लोक पोरं गुजरातीत नाहीतर इंग्रजीत घालतात. त्या दिवशी सरांच्या वर्गातली निम्मी मुलं आयांनी हाताला धरून घरी नेली. अशी आणखी थोडी गेली असती तर तिसरीचा वर्ग दुसरीत बसवून टाकला असता, आणि सरांना दुसऱ्या शाळेत पाठवलं असतं. मोटाबेन, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बाहेर आल्या, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बागुलभाई, आ बधुं कढावी नाखो." त्यांचंही बरोबर होतं. मीसुद्धा तेच सांगितलं, "सर, काढून टाका की. चिंध्याच आहेत." सर म्हणाले, "मी कशी काढू ताई? माझी एकही नाही त्यात."

मग ते फाटकाशी गेले आणि भारतीच्या आईला म्हणाले, "माय, तुम्हाला शंका आली ना? मग आत या. शंका बाहेर उभी करायची आमच्याकडे रीत नाही." ती येईना. चपला काढू की नको, आत पाय टाकू की नको, असं करत अखेर आली, ते मी तिच्यासोबत आले म्हणून. माझा चेहरा बघून तिला वाटलं असावं, ही बाई आपल्यासारखीच आहे, हिचाही विश्वास नाही. ते खरंच होतं. तिनं त्या मोरपंखी चिंधीकडे बोट दाखवून विचारलं, हे कुणी बांधलं. सर उत्तर देतील म्हणून मी पाहिलं, तर ते फळ्याला टेकून उभे. चैताली उठली. "मी बांधली काकी. भारती का येत नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. सरांना पण नाही. तुम्ही सांगा ना, मग मी सोडते."

ती बाई पुढच्या बाकाच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, घरातलं धाग्यांचं काम पुरेना, म्हणून ती स्वतः मार्केटात साड्या पॅकिंगला जाते. धाकट्याला कोण पाहणार? भारती पाहते. एवढं साधं. आणि हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, कारण विचारायला कुणी गेलंच नव्हतं. फक्त एक चिंधी बांधली होती. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मग त्याला पण आणा की इथं." वर्गात हे इतकं सरळ ठरून गेलं की सरांनाही हो-नाही म्हणायची संधी मिळाली नाही. चैतालीनं बाकावर चढून गाठ सोडली आणि चिंधी काकीच्या हातात दिली. दुसऱ्या आठवड्यापासून भारती आली, आणि तिच्याबरोबर तिचा धाकटा, जो वर्षभर तिसरीच्या वर्गात चटईवर झोपला, रडला, आणि पाढ्यांच्या वेळी टाळ्या वाजवत राहिला. मोटाबेननी न पाहिल्यासारखं केलं.

सगळं गोड झालं असं नाही. नेलेल्यांपैकी काही मुलं परत आलीच नाहीत. आणि भारतीच्या आईचा संशय गेला असंही नाही. ती अधूनमधून मागच्या खिडकीतून डोकावून चिंध्या तपासून जायची, आपला काठ तर नाही ना त्यात. मला वाटायचं सरांनी तिला एकदा समजावून सांगावं. ते म्हणायचे, "येऊ द्या ना ताई. बघतेय तोवर पोर शाळेत आहे." पुढे वर्षं गेली, वर्ग बदलत राहिले, खिडकी तीच राहिली. मला ते कितीदा म्हणाले, तुम्ही पण एक बांधा. मी म्हणायची, माझ्या शंका तुमच्या गजांना पेलायच्या नाहीत. ते हसायचे.

या वर्षी मात्र ते हसता हसता पोटावर हात ठेवू लागले. डबा अर्धा परत जायचा. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. माझ्यासारखीच्या नजरेतून हे सुटतं का? शेवटचे भेटलो ते शिक्षकांच्या खोलीत, सुट्टीआधी. मी स्पष्ट विचारलं, "सर, डॉक्टरला दाखवलं का?" म्हणाले, "गॅस असेल, ताई." मी म्हटलं, "पोरांना काय शिकवता? लागली की धरून ठेवायची नाही ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कप उचलून धुवायला गेले. कप धुतलेलाच होता. तेव्हापासून एकच विचार माझ्या डोक्यात आहे. यांना आपलं दुखणं काय आहे ते माहीत होतं. वहिनींना विचारायचं धाडस मला होत नाही, आणि त्यांनाही माहीत नसेल अशी भीती वाटते. सगळ्या वर्गाला मोकळं व्हायला शिकवणाऱ्या माणसानं स्वतःची शंका पोटात धरून ठेवली असेल, तर मला त्यांचा राग येतो. अजून येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले आहे.

परवा शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गाच्या खिडक्या लावायला गेले. तिथं आता तात्पुरत्या नवीन बाई आहेत, त्यांनी चिंध्यांना हात लावलेला नाही. त्यांत एक नवी दिसली, आणि तिची गाठ बाहेरच्या बाजूनं मारलेली. पोरं बाहेरून बांधत नाहीत. मी खिडकी न लावता तिथंच थांबले. थोड्या वेळानं भारतीची आई बाहेरून खिडकीशी आली, धाकट्याला न्यायला आलेली; तो चटईवरचा आता याच शाळेत शिकतो. मी विचारलं, "ही तुमची का?" ती म्हणाली, हो. "सर गयात म्हनतस. खरं शे का?" तिला वस्तीत सगळ्यांनी सांगितलं होतं. तिनं कुणावर विश्वास ठेवला नव्हता. मी म्हटलं, "खरं शे." माझ्या तोंडून अहिराणी कशी आली कोण जाणे. "तुमले कोनी सांगं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, मी स्वतः त्यांच्या घरी फोन केला होता, वहिनी बोलल्या. एवढं ऐकल्यावर तिनं मान हलवली, बाहेरूनच हात वर केला आणि आपली गाठ सोडली, रीतीप्रमाणे. मोरपंखी काठ होता, धुऊन धुऊन विटलेला. इतकी वर्षं तिनं तो ठेवला होता.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ती पहिल्यापासून ओळखून होती. चिंधी गजांतून आत सरकवत म्हणाली, "ल्या. तुमले बी शे ना?"

वर्गात कुणी नव्हतं. शंका मोठ्यानं सांगायची रीत आहे, म्हणून मी रिकाम्या बाकांना सांगितली, "सर, तुम्हाला माहीत होतं का?" आणि गाठ मारली. ही आता कधी सुटणार नाही, हे मला चांगलं कळतं. घरी आले, कुकर लावला, डाळ दाबून पाहिली. जेवायला बसल्यावर लक्षात आलं, इतके दिवस पोटात असलेली ती कळ थांबली होती.

गॅस असेल.