पाटीवरची दुसरी ओळ

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी ते प्रकरण मनातून गेलेले नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. चंदीगडमधल्या एका रस्त्याच्या नावाची पाटी चोरीला गेली होती.

या शहरात सेक्टर आकड्यांनी ओळखले जातात आणि घरेही आकड्यांनीच सापडतात. वडील सेक्टर तीसमध्ये सरकारी नोकरीला होते, त्यामुळे मी इथेच वाढलो आणि इथल्याच पोलिसांत फौजदार म्हणून लागलो. घराबाहेर मराठी कधी नव्हतीच. पत्नी गेल्यावर घरातही राहिली नाही, कारण मुलांना मराठी कळते पण उत्तर हिंदीत येते.

माझ्या हद्दीतल्या एका रस्त्याला नाव देण्यावरून दोन गट भांडत होते. एकाला आपल्या दिवंगत नेत्याचे नाव हवे होते. दुसऱ्याने शह म्हणून एका जवानाचे नाव पुढे केले. तो जवळच्या शाळेत शिकला होता आणि नोकरीत असताना वारला, एवढीच माहिती त्यांना होती. जवानाच्या नावाला उघड विरोध कोण करणार? ठराव झाला, पाटी लागली. वर जवानाचे नाव आणि खाली एक ओळ : 'सीमेवर लढताना वीरमरण'.

काही आठवड्यांत पाटी गायब झाली. फिर्याद दाखल होताच दोन्ही गटांनी एकाच दिवशी, एकाच चौकात मोर्चे जाहीर केले. मला बंदोबस्ताची चिंता लागली. पहिल्या गटातला एक तरुण सभेत 'पाटी उखडून टाकू' असे ओरडला होता. आम्ही त्याला चौकशीसाठी ताब्यात घेतले. त्याची सरकारी नोकरीसाठी निवड झालेली होती. या गुन्ह्यात अडकला असता तर नोकरी गेलीच असती.

"सरजी, बोला था मैंने, किया नहीं," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

मी जागेवर जाऊन खांब पाहिला. चिडलेला माणूस पाटी वाकवतो, काळे फासतो. इथे बोल्ट सोडवून पाटी उतरवली होती आणि बोल्ट खांबाला परत नीट बसवले होते. हे काम चिडलेल्या पोराचे वाटेना.

दुसऱ्या दिवशी एका बस कंडक्टरने खबर दिली. एक म्हातारे गृहस्थ चादरीत गुंडाळून पाटीसारखे काहीतरी घेऊन पिंजौरला उतरले होते. पिंजौर हरियाणात येते. आधी तिथल्या ठाण्यात नोंद केली, तिथला हवालदार बरोबर घेतला आणि विचारत विचारत घर गाठले.

सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले ते फिटर होते. एकटेच राहत. हिंदीतल्या प्रश्नांना उत्तर न देता ते जमिनीकडे बघत बसले. भिंतीवर लष्करी गणवेशातल्या तरुणाचा फोटो होता, हार घातलेला. मी मराठीत विचारले, "काका, हा तुमचा मुलगा?"

त्यांनी मान वर केली. "तुम्ही आपल्याकडचे?"

"हो. वडील नाशिकचे."

"मी कराडकडचा. बायको गेल्यापासून कुणाशी मराठी बोललो नाही बघा."

मग त्यांनी स्वतःच कॉटखालून पाटी काढून दिली.

"औषधं आणायला चंदीगडला जातो. बसमधनं त्याचं नाव दिसलं, तसा उतरलो. पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग खालची ओळ वाचली."

"काय चुकलं होतं तिच्यात?"

"तो लढताना नाही गेला, साहेब. कावीळ झाली त्याला. शेवटपर्यंत मी उशाशी होतो, हातानं पेज भरवत होतो. पाटी लावणाऱ्या पुढाऱ्याकडं गेलो, म्हटलं, नाव राहू द्या, तेवढी ओळ पुसा. तर म्हणाला, अंकलजी, इज्जत मिल रही है, चुपचाप ले लो."

थोड्या वेळाने ते हात जोडून म्हणाले, "मला काय करायचं ते करा, पण हे बाहेर काढू नका. लोक माझ्या पोरालाच खोटा म्हणतील. तो कधी खोटं बोलला नाही."

मी त्यांना ताब्यातल्या तरुणाबद्दल सांगितले. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

"त्याचे आई-बाप आहेत?"

"आहेत. ठाण्याबाहेर बसून आहेत."

"मग चला," म्हणाले, आणि धुतलेला सदरा घालून निघाले.

ठाण्यात दोन्ही गटांचे पुढारी बसले होते. काका त्यांच्यासमोर उभे राहिले. "मेरा लड़का लड़ाई में नहीं मरा. बीमारी से गया. बोर्ड मैंने निकाला. इसको छोड़ दो."

पाटी लावणारा पुढारी मोबाइलमध्ये बघू लागला, दुसऱ्याला हसू आवरेना. त्या तरुणाने मात्र उठून काकांना आपली खुर्ची दिली.

सरकारी मालमत्तेचा गुन्हा पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून मिटत नाही. तरुणाला सोडून दिले आणि मी सगळी हकीकत न्यायालयापुढे ठेवली. न्यायाधीशांनी काकांना समज देऊन सोडले. मोर्चे निघालेच नाहीत. दोन्ही नावे मागे पडली आणि रस्ता बिननावाचाच राहिला.

न्यायालयाबाहेर त्यांना घ्यायला कोणी आले नव्हते. मी त्यांना बसथांब्यावर सोडायला गेलो. बाकावर बसता बसता ते म्हणाले, "एवढी माणसं त्याच्या नावावरनं भांडली. पण तो होता कसा, हे एकानं विचारलं नाही."

मी विचारले. त्याला भेंडी आवडत नसे, पण आईचे मन मोडू नये म्हणून तो मुकाट खायचा. सुटीवर आला की सायकली दुरुस्त करत बसायचा, स्वतःची नसली तरी. पिंजौरच्या बस येत होत्या, जात होत्या. काका बोलत होते.

कागदावर माणूस मेला कसा ते येते, आणि आमचे काम तेवढ्यावर भागते. त्या दिवसानंतर मात्र मृताच्या घरच्यांचा जबाब संपला की मी कागद बाजूला सारून विचारत असे, "कसे होते ते?" तपासाला त्याचा काही उपयोग नसे. कोणी भरभरून बोले. कोणाला काहीच बोलता येत नसे, ते नुसते बसून राहत. मी त्यांना उठवत नसे.