पेटीमागचं आमेन

आमच्या चर्चमध्ये रविवारी दुसरं गीत झालं की साक्ष द्यायची वेळ येते. आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं आणि मंडळीने आमेन म्हणायचं. ज्यांना आपल्या विश्वासाची फार खात्री असते, ते गोष्ट घडायच्या आधीच आभार मानून मोकळे होतात. माझी जीभ मुळातच सैल, त्यात विश्वासाचा तोरा, म्हणून मी त्यांच्यातली.

माझ्या नवऱ्याच्या घशातल्या गाठीला किरणं देऊन झाली होती. वीस वर्षं चर्चमध्ये पेटी तेच वाजवत आणि गीतंही तेच सुरू करून देत. आता गाणं बंद झालं होतं, पण बसक्या आवाजात बोलणं चालू होतं. गाठ गेली की राहिली, याचा रिपोर्ट मंगळवारी यायचा होता. राहिली असेल तर हा आवाजही जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या रविवारी मी उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "प्रभूने यांना बरं केलंय. रिपोर्ट साफ आहे." अजून यायचाय, असं म्हटलंच नाही. सगळी मंडळी आमेन म्हणाली. हे मात्र मान खाली घालून पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

परदेशीपुऱ्याला घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "अगं, रिपोर्ट तर मंगळवारी येणार ना? मग इतकी जल्दी कशाची होती?"

"तुमचा विश्वास नाही का?" मी म्हणाले.

मंगळवारी तुकोगंजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "अंकलजी, गांठ अभी गई नहीं है. अब वॉइस बॉक्स निकालना ही पड़ेगा. सोमवार को ऑपरेशन रखते हैं."

जिना उतरताना माझं डोकं फिरलं होतं. हे कठडा धरून हळूहळू उतरत होते आणि मी त्यांच्या पाठीवर बोलले, "त्या दिवशी तुम्ही आमेन म्हणाला नाहीत. म्हणून हे झालं." बोलले तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलेनात. चिडले नाहीत, जेवायचं टाकलं नाही, नुसते बोलायचे थांबले. दूधवाल्याशी मात्र दारात उभं राहून बोलत. "काय भिया, तुझी म्हैस बरी झाली का?" मी आत, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत असे. सोमवारपर्यंतच टिकणारा आवाज, आणि तो म्हशीच्या चौकशीत चालला होता. मला त्या दूधवाल्याचा मत्सर वाटला.

इकडे चर्चमधल्या बायकांचे फोन येत होते. "ताई, तुमची साक्ष ऐकून खूप हिंमत आली." मी "हो, हो" करून फोन ठेवायचे. रोज गुडघे टेकायचे आणि देवाला बजावायचे की मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय, आता तुझं तू बघ. शनिवारी यांचा पांढरा शर्ट इस्त्री करता करता माझ्या लक्षात आलं की मंगळवारपासून मी देवाकडे यांचा आवाज मागितलाच नव्हता. मागत होते ती माझी अब्रू. मी इस्त्री बंद केली आणि तिथेच बसून रडले. इतकी वर्षं ज्याला विश्वास म्हणत आले, त्यात देव कमी होता आणि मीच जास्त होते.

रविवारी दुसरं गीत संपलं. मी उभी राहिले तेव्हा लोक आधीच हसऱ्या चेहऱ्याने वळले होते. मी पुढचा बाक घट्ट धरला.

"मागच्या रविवारी मी खोटं बोलले. रिपोर्ट आलाच नव्हता. आता आलाय, गाठ आहे. उद्या यांचा आवाज जाणार. आणि मी यांनाच दोष दिला, की तुम्ही आमेन म्हणाला नाहीत म्हणून." मग डोळे मिटून मी देवाला म्हणाले, "बरं करशील तर कर, नाहीतर आमच्याजवळ राहा, एवढंच मागते."

पाळकांनी चष्मा काढून पुसला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता, आणि मला वाटलं, आता गुपचूप खाली बसावं.

तेवढ्यात पेटीमागून ते बसक्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "आमेन."

सोमवारी आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात आणि पेटी अजून वाजवतात. पण त्या रविवारी घरी येताना रिक्षात ते अख्खा रस्ता बोलत होते. मला भरपूर रागावले, जिन्यातल्या त्या वाक्याबद्दल आणि लग्नानंतरच्या कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टींबद्दलसुद्धा. परदेशीपुरा येईपर्यंत मी मध्ये एक शब्द बोलले नाही.