सातव्या धड्यातली मान

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीच्या तळघरात पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत. आता तिथे स्टुडिओ आहे. खुर्च्या कुठे गेल्या हे कुणी विचारलं नाही. त्यांच्यातलं एक लाकडी स्टूल मात्र कसं कोण जाणे मागे राहिलं, आणि आपला माणूस त्या स्टुलावर बसतो.

त्याला सगळे होयबा म्हणतात. नेमणुकीच्या कागदावर त्याचा हुद्दा ‘स्टुडिओ सहायक’ असा भारदस्त आहे. प्रत्यक्षात त्याचं काम म्हणजे दिवे लावायचे, वायरी गुंडाळायच्या, फळा पुसायचा आणि प्राध्यापकांच्या कपाळावर घाम चमकू नये म्हणून पावडर थापायची. पुरुष प्राध्यापक पावडर लावून घेताना डोळे घट्ट मिटून घेतात, जसं काही कुणी सुई टोचणार आहे. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर आवाजात येते. त्यामुळे दहा मिनिटांत पावडरीचा चिखल होतो आणि होयबाला पुन्हा उठावं लागतं.

हे विद्यापीठ घरबसल्या शिकायचं. धडे व्हिडिओवर, शंका वेबसाइटवर आणि परीक्षा वर्षातून दोनदा. कुणीही नाव नोंदवावं, कुठूनही शिकावं. कल्पना झकास होती. घोडं एकाच ठिकाणी अडलं. ज्यांनी उभा जन्म भरलेल्या वर्गात बोलण्यात घालवला, त्यांना काचेच्या एका डोळ्यासमोर बोलता येईना.

पहिली गाडी रुतली ती संख्याशास्त्राच्या बाईंची. (समोर ‘मॅडम’, पाठीमागे ‘बाई’, सगळ्या महाविद्यालयांत असंच असतं.) वर्गात या बाई शिरल्या की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप विझायची. आणि इथे कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला तशी त्यांची बोलतीच बंद झाली. “तर विद्यार्थ्यांनो,” म्हणून थांबल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा “तर विद्यार्थ्यांनो.” कॅमेरामन जांभई द्यायला लागला. होयबा तेव्हा कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला दिव्याचा खांब धरून उभा होता. त्याला बाईंची दया आली. बाईंनी घाबऱ्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने, काही सुचेना म्हणून, मान हलवली.

बाई सुटल्या. अशा सुटल्या की धडा संपेपर्यंत थांबल्याच नाहीत.

तेव्हापासून कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला स्टूल आलं आणि स्टुलावर होयबा. बातमी पसरली. इतिहासाचे सर, कायद्याच्या मॅडम, रसायनवाले, सगळे आल्याआल्या विचारायचे, “तो मान हलवणारा आहे ना आज?” होयबानेही कला वाढवली. साध्या वाक्याला साधी मान. अवघड वाक्याला मान आणि वर भुवया. प्राध्यापकांनी विनोद केला तर खांदे हलवून निःशब्द हसणं. विषय कुठलाही असो, त्याला काही फरक पडत नसे, कारण कुठलाच विषय त्याला कळत नसे. मान इमानदारीने हलत असायची आणि मन घरी गॅस बंद केला की नाही याचा विचार करत असायचं.

साहेब, म्हणजे स्टुडिओचे प्रमुख, खूश होते. “प्राध्यापक तुझं नाव घेतात,” ते म्हणाले. “कायम करण्याचं बघू.” होयबाने मान हलवली. ती मात्र मनापासून.

घरी त्याने हे मानेचं काही सांगितलं नव्हतं. बायकोला वाटायचं, नवरा रेकॉर्डिंग करतो. त्यात खोटं असं काही नव्हतं, फक्त थोडं कमी होतं.

बायको रेडिमेड शर्टांच्या कारखान्यात कॉलरींची मापं तपासायची. लग्नाच्या गडबडीत तिचं कॉलेज सुटलं होतं. आता तिने याच विद्यापीठात नाव घातलं होतं, आणि विषय घेतला होता संख्याशास्त्र. पदवी मिळाली तर कारखान्यात वरच्या खोलीत, गुणवत्ता विभागात जाता येणार होतं. तिथे खुर्चीला पाठ असते. गेल्या खेपेला ती याच विषयात राहिली होती, आणि या खेपेची परीक्षा तोंडावर आली होती.

एका रविवारी सकाळी होयबा दाढी करत होता. बायकोने पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवला होता आणि समोर वही उघडून बसली होती.

“अहो, इकडे या जरा.”

“फेस लागलाय तोंडाला.”

“फेसासकट या.”

तो गेला. पडद्यावर बाई होत्या. सातवा धडा, प्रमाण विचलन. बाई भराभरा सांगत होत्या. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे तो फरक काढायचा, त्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची सरासरी काढायची आणि शेवटी वर्गमूळ घ्यायचं. मग बाई थांबल्या, म्हणाल्या, “समजलं?” त्यांची नजर किंचित बाजूला गेली. चेहऱ्यावर समाधान पसरलं. “छान. पुढे जाऊ.”

बायकोने व्हिडिओ थांबवला. “बघितलंत?”

“काय?”

“बाई कुणाकडे तरी बघतात. तिथे कुणीतरी बसलंय. हा कोण मेला आहे, ज्याला समजलं?”

होयबाच्या गालावरचा फेस वाळायला लागला. त्याला तो दिवस चांगला आठवत होता. एसी बंद, चहाची वेळ टळून गेलेली, आणि बाई थांबल्यावर त्याने जरा जोरातच मान हलवली होती, की एकदाचं संपू दे.

“असेल कुणीतरी हुशार,” तो म्हणाला.

“हुशार माणसाला कशाला बसवतात तिथे? माझ्यासारखीला बसवा की! वर्ग करायचाच कशाला, हे बाई सांगतच नाहीत. फरक काढला ना? मग झाली की त्याची सरासरी. आणि उणे चिन्ह नडत असेल तर पुसून टाका. मी एकटी ढ नाही हो. हे वाचा.” तिने धड्याखालचं शंकांचं पान उघडलं. खाली खाली सरकवत गेली तरी संपेना. ‘मॅडम, वर्ग का करायचा?’ ‘मलाही हीच शंका.’ ‘कुणी सांगेल का?’ आणि प्रत्येकाखाली यंत्राने टाकलेलं तेच उत्तर: आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद, कृपया व्हिडिओ पुन्हा पाहावा.

“मी पुन्हा पुन्हा पाहिला,” ती म्हणाली. “दर वेळी त्या मेल्याला समजतं आणि मी राहते. या खेपेला सुटले नाही तर नाव काढून घेणार आहे. कॉलरी मोजायला पदवी लागत नाही.”

तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि होयबाला तेच लागलं. ती भांडत असली की काळजीचं कारण नसे.

सोमवारी त्याने कॅमेरामनला गाठून सगळं सांगितलं. कॅमेरामन पोटभर हसला.

“म्हणजे वहिनींना नापास केलंस तू!”

“हसतोस काय? सांगू का बाईंना?”

“काय सांगणार? ‘मॅडम, मी दगड आहे’? गप बस. मान हलवणं ही तुझी नोकरी नाही, पण तुझी नोकरी त्याच्यावरच उभी आहे.”

होयबा गप बसला. दुपारी मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याने संगणकावर जुने धडे लावून पाहिले. इतिहास, कायदा, रसायन. सगळीकडे तेच. माणूस अवघड जागी येतो, अडखळतो, नजर डावीकडे जाते, चेहरा उजळतो आणि “पुढे जाऊ.” त्याला स्वतःचा चेहरा कुठेच दिसला नाही, आणि तरी सगळीकडे तोच होता.

बुधवारी बाई नव्या धड्यासाठी आल्या. पावडर झाली, लाल दिवा लागला. होयबा स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले. जशी काही मान हातांनीच हलत होती.

बाई बोलायला लागल्या. डावीकडे पाहिलं. मान स्थिर. त्यांचं एक वाक्य घसरलं. पुन्हा पाहिलं. स्थिर. “समजलं?” त्यांनी विचारलं, आणि वाट पाहिली.

“नाही, मॅडम.”

कॅमेरामनने कॅमेऱ्यामागे डोकं लपवलं.

“बरं वाटत नाहीये का तुला?”

“बरा आहे. समजलं नाही.”

“मग आजवर कसं समजत होतं?”

“आजवरही नव्हतं समजत, मॅडम. सातवा धडा तर अजिबातच नाही. घरी बायको शिकते तुमच्याकडे. तीही तिथेच अडकलीये. म्हणजे सगळेच. मी तेव्हा मान हलवली आणि तुम्ही पुढे गेलात.”

बाई चिडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या. रुमालाने कपाळ पुसलं, पावडरीसकट. “मी विभागात सांगत असते,” त्या हळूच म्हणाल्या, “की माझा धडा स्टुडिओतल्या पोरालासुद्धा कळतो.” मग माइक काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

बातमी जिना चढून साहेबांपर्यंत पोचली. “तुला मान हलवायला काय झालं होतं?” साहेब म्हणाले. “फुकट तर होती!” कायम करण्याचं काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. होयबानेही विचारलं नाही. तो वायरी गुंडाळत बसला. आधी गुंडाळलेल्यासुद्धा सोडून पुन्हा गुंडाळल्या.

शुक्रवारी बाई न सांगता आल्या. हातात खडू.

“सातवा धडा पुन्हा,” त्या म्हणाल्या. “स्टूल आण. आणि ऐक, उगाच मान हलवलीस तर बाहेर काढीन.”

“धडा बारा मिनिटांच्या आत हवा,” साहेब दारातून म्हणाले.

“दार लावून घ्या,” बाई म्हणाल्या.

लाल दिवा लागला आणि बाईंची जुनी भीती परत आली. “तर विद्यार्थ्यांनो” दोनदा झालं. पहिल्यांदा त्यांनी सूत्रावरून समजावलं. “समजलं?” “नाही, मॅडम.” मग आकृती काढली. खडू मोडला. “आता?” “नाही, मॅडम.” बाईंनी अर्धा खडू टेबलावर टाकला आणि कॅमेरा विसरून सरळ त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“कामावर कसा येतोस?”

“बसने.”

“वेळेवर येते?”

“छे. कधी पाच मिनिटं आधीच निघून जाते, कधी पाच मिनिटं उशिरा येते.”

“आधी गेली तर काय होतं?”

“चुकते. साहेब शिव्या घालतात.”

“आणि उशिरा आली तर?”

“तरी घालतात.”

“आता सरासरी काढ. पाच आधी, पाच उशिरा.”

होयबाने बोटांवर मोजलं. “शून्य. म्हणजे वेळेवर.”

“सरासरीने तुझी बस रोज वेळेवर येते. मग शिव्या कशाच्या खातोस?”

त्याने पुन्हा बोटांकडे पाहिलं. बाई थांबल्या. या खेपेला त्यांना घाई नव्हती.

“उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात,” तो सावकाश म्हणाला. “शिव्या उरतात.”

“त्या उरलेल्या शिव्या मोजायच्यात आपल्याला. वर्ग केला की उणे राहत नाही, मग कुणी कुणाला खात नाही.”

“पण मॅडम, नुसतं चिन्ह पुसून टाकलं तर?”

बाईंनी भुवया वर केल्या. “हा प्रश्न तुझा?”

“घरचा.”

“चांगला आहे. तसंही करतात, त्या मापाचं नाव वेगळं. पण वर्ग केला की मोठी चूक आणखी मोठी दिसते. रोज दोन मिनिटं उशिरा येणारा साहेबांच्या लक्षात राहत नाही, एकदाच अर्धा दिवस गायब झालेला राहतो. आणि मिनिटांचा वर्ग केलाय, म्हणून शेवटी वर्गमूळ काढून पुन्हा मिनिटांवर यायचं. समजलं?”

होयबाने नीट विचार केला आणि मग एकदाच, अगदी थोडी, मान हलवली. बाईंनी ती बघितली, पण “छान” म्हणाल्या नाहीत. फळ्याकडे वळल्या आणि पदर खोचून उदाहरण मांडायला लागल्या.

धडा बारा मिनिटांच्या दुपटीहून लांब झाला. कॅमेरामनला त्याचे “नाही, मॅडम” कापायचे होते, पण बाईंनी एकही कापू दिला नाही. “एवढा लांब धडा कोण बघणार?” असं म्हणत साहेबांनी तो वेबसाइटवर चढवला.

रविवारी होयबा भाजी निवडत बसला होता. पलीकडे पिठाच्या डब्याला टेकलेल्या मोबाइलवर बाई विचारत होत्या, “समजलं?” आणि मोबाइलमधून एक ओळखीचा आवाज आला, “नाही, मॅडम.”

बायकोने व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा ऐकला. मग बसपर्यंत पाहिला, शिव्यांपर्यंत पाहिला, ‘घरचा’ या शब्दापाशी तिचा पेन वहीवर तसाच राहिला. धडा संपल्यावर ती त्याच्याकडे वळली.

“हे तुम्ही.”

“हं.”

“आणि जुन्या धड्यातला? तो मेला?”

होयबाने मान हलवली.

तिने वही जवळ ओढली. एक शेंग त्याच्या हातात तशीच राहिली.

“भाजी ठेवा खाली,” ती म्हणाली. “समोर बसा. मी सांगते, तुम्ही ऐका. एक कॉलर मोठी शिवली, एक लहान शिवली. सरासरी बरोबर आणि दोन्ही शर्ट परत. आता वर्ग का करायचा, ते सांगते.”

तिने सांगितलं. वर्गमुळापाशी तिची गाडी रुतली. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान जागची हलली नाही.

“मेलं,” ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सुरू केलं.

त्या खेपेला तिचा विषय सुटला, काठावरच, पण सुटला. होयबाला अजून कायम केलेलं नाही. इतिहासाच्या सरांची तक्रार आहे की हल्ली तो नुसता बघत बसतो, त्यामुळे बोलताना त्यांचं एक अख्खं शतक मागेपुढे होतं.